असोद्याच्या विहिरीतले दगड

जळगाव, २ मार्च २०२५

कोकिळा,

तुझं नाव कागदावर लिहिताना हात अडखळला. इतकी वर्षं मी तुला 'नवलची माय' म्हणूनच हाक मारली. आता ते लिहवत नाही, म्हणून हे.

फोन तू उचलत नाहीस. तुझा भाऊ उचलतो आणि 'बहीण झोपलीये' म्हणतो. सकाळी केला तरी झोपलीये आणि दुपारी केला तरी झोपलीये. शेवटी हे पत्र झिपरूच्या हाती देतोय. सध्या त्याची कंडक्टरची ड्यूटी दोंडाईच्याच्या एसटीवर लागली आहे. लावणारा मीच. कंट्रोलरच्या खुर्चीचा एवढा तरी उपयोग व्हावा. पाकीट त्याच्या हातात ठेवलं तर म्हणतो, "चिठ्ठीलेबी तिकीट काढा भो. सामान शे ना ते." मी म्हटलं, "हाफ घे, वजन नाही तिला." तो हसला आणि लगेच गप्प झाला. आपल्याशी बोलताना हल्ली सगळ्यांचं असंच होतं. हसतात, मग आठवतं.

तानुबाई अक्का माझ्या स्वयंपाकासाठी इथेच थांबली आहे. तिची जीभ तुला माहीत आहे. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "दगडे ठेवात आनि बायको धाडी दिनी. चांगला सौदा कया रे भाऊ." मी काही बोललो नाही. तू उंबऱ्यातून निघताना म्हणाली होतीस, एक तर हे दगड राहतील नाहीतर मी. मी तेव्हाही काही बोललो नव्हतो.

दगड अजून जिन्याखालच्या खोलीतच आहेत. खोटं कशाला लिहू. नवलने लावलेला काळा रेक्झिनचा पडदा आहे, रॅक आहे, प्रत्येक दगडाखाली त्याच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. तू म्हणतेस त्या दगडांनी त्याला खाल्लं. असेलही. पण ती खोली रिकामी केली की त्याची म्हणून दुसरी जागाच या घरात उरत नाही.

झुलालभाऊ आला होता असोद्याहून. केळीचा घड घेऊन फाटकाशीच उभा राहिला, आत येईना. विहिरीचं काम त्याने बंद ठेवलंय. म्हणाला, "मले त्या विहिरीकडे पाहवत नाही भाऊ. मी त्याले म्हटलं होतं, सुरुंगानंतर दरड ढिली राहते, थोडं थांब. तो म्हणे, आलोच काका." इतकं बोलून तो माणूस रस्त्यावर सगळ्यांसमोर रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांतून मात्र काही आलं नाही. डॉक्टरला विचारावं म्हणतो, असं कोरडं राहणं बरं असतं का.

तू जेवतेस ना? एवढं तरी झिपरूजवळ सांग.

प्रेमराज


जळगाव, २३ मार्च २०२५

कोकिळा,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. झिपरू म्हणाला, वहिनींनी पाकीट घेतलं आणि न उघडता पदराखाली ठेवलं. म्हणजे घेतलं तरी. हे मात्र उघड. हात जोडून सांगतो, हे उघड.

मी हरलो होतो. आज रविवार, सुट्टी. दगड गिरणेच्या पात्रात सोडायचे असं ठरवून रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं. अक्काला पोती काढायला लावली. मग वाटलं, टाकण्याआधी एकदा पाहून घ्यावं की हा पोरगा त्या खोलीत तासन् तास काय पाहत बसायचा. तू आणि मी कधी गेलोच नाही. तो बोलवायचा, आपण म्हणायचो, नंतर.

भरदुपारी पडदा ओढला, दार लावलं. त्याचा तो नळीसारखा काळा टॉर्च पेटवला. त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, नुसती जांभळट धूसर झाक. पण रॅकवरचे काही दगड त्यात आतून पेटल्यासारखे झाले. एक निखाऱ्यासारखा शेंदरी. एक हिरवा, कच्च्या कैरीच्या सालीसारखा. उन्हात हेच दगड म्हणजे रस्त्याची खडी. बाकीचे काळेच राहिले. नवल त्यांना 'आंधळे' म्हणायचा. आठवतं, जेवताना सांगायचा? आपल्या भागात विहिरी खणताना सुयांसारख्या स्फटिकांचे पांढरे गोळे पोतंभर निघतात, पण ते सगळे आंधळे. एखादा तरी डोळस निघाला तर ती बातमी आहे बाबा, म्हणायचा. त्यासाठीच तो विहिरी हिंडत होता. त्यासाठीच असोद्याला गेला.

त्या दिवशी त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून जे दगड घरी आले, ते गच्चीवर घमेल्यात पडले होते. तेही खाली आणले. टॉर्च त्यांच्यावर धरला.

कोकिळा, ते पेटले. निळसर पांढरे. सुई न् सुई. चांदण्यात कापसाचं बोंड दिसतं तसं. मी टॉर्च बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा पेटले.

त्याला सापडलं होतं. त्याला स्वतःला कळलं नाही, वर यायला मिळालं नाही, पण जे शोधत होता ते त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होतं. म्हणजे तो उगाच गेला नाही. मी हे वाक्य आज कितीदा मनाशी म्हटलं ते सांगत नाही. तो उगाच गेला नाही.

रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आज रडलो. अक्काने दार वाजवलं तेव्हा कळलं.

प्रेमराज


जळगाव, २० एप्रिल २०२५

कोकिळा,

तुझा निरोप मिळाला. झिपरू गाडीतून उतरला तो सरळ माझ्या केबिनमध्ये. "भाऊ, पेढा मांगाडा," म्हणतो. मी म्हटलं, काय झालं? मग त्याने सगळं ऐकवलं, ड्रायव्हरला साक्षीला धरून. तू भावाच्या दुकानात आलीस, तिथल्या खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "सांगजो त्यासले, दगडे फेकू नका." वर त्याच्याकडून पेपरचं कात्रण मागून घेतलंस आणि गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवलंस. "वहिनी हासनी नही," झिपरू म्हणाला, "पन आवाज खनखनीत व्हता."

खणखणीत. तुझा आवाज जानेवारीपासून ऐकला नाही मी. त्याच्या तोंडून ऐकून तरी पाहिला.

पेपरचं आधी सांगतो. ते माझं काम नाही. डेपोतल्या एकाचा भाचा इथल्या पेपरात आहे, त्याच्यापर्यंत गेलं. 'दिवंगत तरुणाने शोधला चमकणारा दगड' असं छापून मोकळे झाले. मॅडमना ते आवडलं नसणार. मॅडम म्हणजे धुळ्याच्या एका कॉलेजात दगडांचं शिकवतात त्या कामिनी मॅडम. नवल त्यांच्या व्याख्यानांना जायचा, त्याच्या वहीत नंबर होता. मी दोन गोळे कापसात गुंडाळून, डब्यात घालून धुळ्याला गेलो. डबा तुझाच, लाडवांचा.

मॅडम वयाने आपल्यापेक्षा लहान आहेत. हसतमुख, पण बोलणं मोजून. त्यांना नवल आठवत होता. म्हणाल्या, "तो शेवटच्या बाकावर बसून प्रश्न विचारायचा आणि उत्तर पटलं नाही तर मान हलवायचा." अगदी तसाच ना? त्यांनी त्यांच्या दिव्याखाली दगड पाहिले. बराच वेळ पाहिले. मी विचारलं, "नवीन आहे का?" तर म्हणाल्या, "प्रेमराजभाऊ, दगडाला घाई नसते. आपणही करू नये." खरं ठरलं तर त्या दगडाची, त्या जागेची नोंद प्रसिद्ध करतील आणि शोधणारा म्हणून त्याचं नाव देतील. नवल प्रेमराज, असोदा. मी त्यांना म्हटलं, त्याच्या आईचंही नाव घाला. तर म्हणाल्या, तशी पद्धत नसते. मी म्हटलं, बरं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो आणि बाहेरचं दिसत होतं. एवढंच लिहितो. बऱ्याच दिवसांनी बाहेरचं दिसलं.

प्रेमराज


जळगाव, २५ मे २०२५

कोकिळा,

तुझी चिठ्ठी. तुझ्या हातची. 'मला त्याचा उजेड पाहायचाय' एवढी एकच ओळ. मी ती खिशात ठेवली आहे, अक्कालाही दाखवली नाही.

ये. केव्हाही ये. फक्त थोडं थांबून ये, असं म्हणतो. ऊन फार आहे आणि खोलीही आवरायची आहे. मॅडमना विहिरीतला आणखी एक तुकडा हवा होता, न हाताळलेला. ते लोक एकावर भागवत नाहीत, रीतच असते तशी. झुलालभाऊने काढून दिला. तो दिला की आपलं काम संपलं.

तू जेवायला लागलीस, असं झिपरू म्हणतो. त्याने पुसल्यावर "दोन भाकरी खादी," असं तूच सांगितलंस म्हणे. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी तीन सांग.

तुझ्या भावजयीला म्हणालीस ना, 'मना पोऱ्याना दगड उजेड देस'? झिपरू ते सांगताना स्वतःच डोळे पुसत होता. मी टाइमटेबलवर सही करत होतो. दोनदा चुकली.

बाकी ठीक. गुडघा थोडा दुखावला आहे, जिन्यावरून पाय घसरला. काळजी नको.

प्रेमराज


जळगाव, १२ जून २०२५

आदरणीय कामिनी मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं मे महिन्यातलं पत्र मला त्याच वेळी कळायला हवं होतं. आपण स्पष्ट लिहिलं होतं. गोळा फोडल्यावर आतल्या ताज्या भागावर काहीच उजेड दिसत नाही, फक्त बाहेरून दिसतो, तेव्हा त्याला काही लावलं होतं का, धुतलं होतं का, आणि विहिरीतला न धुतलेला तुकडा मिळेल का. मला त्यातला शेवटचा प्रश्न तेवढा वाचता आला. माणूस हवं तेवढंच वाचतो.

तुकडा मी स्वतः काढला. घरी मी सांगितलं की झुलालभाऊने दिला. खरं म्हणजे तो नको नको म्हणत होता. "तुम्ही पागल झाले का भाऊ? एक गेला, आता बाप बी पाठवू का मी?" त्याचं ऐकलं नाही. बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून त्याने आणि त्याच्या चुलतभावाने मला खाली सोडलं. खाली गुडघाभर पाणी होतं. भिंतीत ती पोकळी दिसते, हंडाभर मोठी, आतून पांढऱ्या सुयांनी भरलेली. तिच्या खालीच तो पडला होता. ती जागा मी बोटांनी चाचपली. मग छिन्नी लावली. वर येताना बाज कलंडली, गुडघा भिंतीवर आपटला.

त्या तुकड्यावर घरी टॉर्च धरला तर काळा. मी स्वतःला समजावलं की पोकळीतला वेगळा थर आला असेल. तसं आपल्याला कळवणारही होतो. तेवढ्यात बकरी ईदला नईम आला.

नईम नवलचा मित्र. गुजरातेत खंबातला अकीकाचे खडे घासण्याच्या कारखान्यात असतो. टॉर्च त्यानेच आणून दिला होता आणि दगड पाहायला नवलला त्यानेच शिकवलं. जानेवारीत तो आला तेव्हा माती झालेली होती. आता आला तर मीच त्याला ओढत जिन्याखाली नेलं. पडदा ओढला. गोळे दाखवले. तो वाकून पाहत राहिला. मला वाटलं, त्यालाही रडू आलं.

मग म्हणाला, "काका, टॉर्च जरा तुमच्याकडे वळवू का?"

मी पांढरा सदरा घातला होता. तो पेटला. कॉलर, बाह्या, खिसा, बटणाच्या पट्टीचा दोरा न् दोरा. तोच निळसर पांढरा. गोळ्यांचा आणि सदऱ्याचा रंग एकच. मी हात पुढे करून बाही दगडाशेजारी धरली. कुठे दगड संपतो आणि कुठे कापड सुरू होतं ते कळेना.

"कपडे धुवायची पावडर आहे काका," नईम हळू म्हणाला. "कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून तिच्यात घालतात काहीतरी. ते या दिव्यात चमकतं. सुया बारीक आहेत, पावडर आत जाऊन बसली." आणि मग, मला सावरायचं म्हणून असेल, म्हणाला, "नवल असता ना, तर म्हणाला असता, बाबांच्या बनियनचंही नाव नोंदीत टाका."

आम्ही दोघं हसलो, मॅडम. अंधारात उभं राहून, माझा सदरा चमकत असताना, आम्ही मोठ्याने हसलो. माझी बहीण अक्का बाहेरून विचारत होती, काय झालं. मग नईमने टॉर्च बंद केला. ते बरं केलं.

ते कसं झालं, तेही आपल्याला सांगायला हवं. सुतक फिटतं त्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं धुतात. अंथरुणं, पडदे, भांडी, गेलेल्याच्या हाताखालची प्रत्येक वस्तू. नवलचे कपडे वाटून टाकायला त्याची आई तयार होईना. तिने त्याची पिशवी होती तशी, आतल्या दगडांसकट, पावडरच्या पाण्यात बुडवली. विहिरीची माती त्यावर राहू नये एवढंच तिच्या मनात असणार. मग ती तशीच न्हाणीत बसून राहिली. तिला उठवून आत नेलं, पण टबाकडे कोणी पाहिलं नाही. दगड कित्येक दिवस त्या पाण्यात पडून होते. नंतर माझ्या बहिणीने ते काढून गच्चीवर उन्हात टाकले. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तरी मला ते दिसलं नाही.

नईम गेल्यावर मी सगळे गोळे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ठेवले, मग साध्या पाण्यात, पुन्हा पुन्हा. मनात होतं की खोट्याच्या खाली खरं काहीतरी थोडंसं शिल्लक असेल. पाणी बदल, टॉर्च. पाणी बदल, टॉर्च. आज ते पूर्ण काळे आहेत. इतर विहिरींतले असतात तसेच. नवलला विहिरीत काहीही सापडलं नव्हतं.

म्हणून विनंती, आपण तयार केलेल्या टिपणातून त्याचं नाव काढावं. आपण ते तसंही काढालच. पण ते मी मागे घेतलं असं व्हावं, आपण खोडलं असं नको. त्याला खोटी नोंद आवडली नसती. मान हलवली असती त्याने.

आणखी एक आहे. त्याच्या आईला हे मी सांगितलेलं नाही. ती तीन महिने कोणाशी बोलत नव्हती. त्या उजेडाचं कळल्यापासून बोलते, जेवते. पेपरमुळे आपलं नाव तिला माहीत आहे. ती कधी फोन करेल. आपण खोटं बोला असं मी म्हणणार नाही, आपल्याला ते सांगायचा मला अधिकार नाही. एवढंच म्हणा की दगड नवलच्या वडिलांकडे आहेत, त्यांना विचारा. ते खरंच आहे.

मला काय करायचं ते मला कळत नाही. खरं सांगावं तर तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. पोरगा कशासाठीच गेला नाही. आणि जो उजेड ती त्याचा समजते तो तिनेच धुताना लावला. पहिली सांगण्याची मी कधीतरी हिंमत करीन. दुसरी कोणत्या तोंडाने सांगू? आणि दुसरीशिवाय पहिली ती मानणार नाही.

डबा परत पाठवू नये. तिला तो दिसला तर विचारील.

आपला नम्र,
प्रेमराज


जळगाव, ३१ जुलै २०२५

कोकिळा,

तू रविवारी येतेस हे झिपरूने परवा सांगितलं. तेही कसं सांगितलं, "भाऊ, रविवारनी पयली गाडी, खिडकीनी सीट, कंडक्टर मी. आते कंट्रोलर साहेबनी फक्त गाडी टाइमवर सोडानी." सोडतो म्हटलं.

रविवारी तुझ्या भावाकडे कानबाई देवी बसणार आणि तिच्या नैवेद्याचे रोट होणार. तुझ्या माहेरचे रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत, लग्न झालेल्या लेकीलाही नाही, त्यामुळे तू त्या घरात असून नसल्यासारखी झाली असतीस. म्हणूनच हा दिवस निवडलास ना? मी तसं विचारत नाही. दिवस कुठलाही असो, तू येतेस. आपल्याकडे यंदा सुतकाचं वर्ष, रोट नाहीत. पुढच्या वर्षी असतील. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. पुढच्या वर्षी अक्का माझ्या एकट्याचे घेईल. तुझ्यासमोर घ्यायला नको, मी तिला तसं सांगून ठेवीन.

जूनपासून तीनदा तू यायचं म्हणालीस आणि तीनदा मी काही ना काही कारण काढलं. कधी ऊन, कधी ड्यूटी, कधी रंगकाम. तुला वाटलं असेल, मला तू नकोस. तसं नव्हतं. खोली तयार नव्हती. आता आहे.

तू विचारलंस की नोंद कधी छापून येणार. अशा कामांना वर्षं लागतात. कधी कधी येतही नाही, इतकं साचलेलं असतं त्यांच्याकडे. मॅडमना फोन करू नकोस, त्या कामात असतात. पेपरात आलं ते आलं, ते आपल्याजवळ आहे. गल्लीतल्या बायकांना तेवढं पुरे.

नईमने फोनवर विचारलं, "चाचीला सांगितलं का काका?" मी म्हटलं, ती रविवारी येतेय. तो म्हणाला, "ठीक आहे. मी यायला नको मग." शहाणा मुलगा आहे. तू आल्यावर त्याला फोन लावून देईन, पण दगडांचं नको काढूस, त्यालाही त्रास होतो.

काल सुट्टी घेतली. किराण्यातून तुझी ती नेहमीची पावडर आणली, घरातली संपली होती. गोळे टबात भिजत घातले आहेत, धूळ फार बसली होती. उद्या-परवा गच्चीवर वाळले की रॅकवर ठेवीन. अक्का न्हाणीच्या दारात उभी राहून बघत होती. आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली.

तू आलीस की आधी हातपाय धू, जेव, थोडी पड. मग आपण दोघं जिन्याखाली जाऊ. पडदा मी ओढीन. दिवा मी धरीन. येताना पांढरं लुगडं नेसू नकोस, ते हिरवं नेस, नवलने पहिल्या पगारातून आणलेलं. अंधारात डोळे सरावायला वेळ लागतो, घाबरू नकोस. मग दिसेल.

एक गोळा दोंडाईच्याला न्यायचा म्हणतेस, देव्हाऱ्यात ठेवायला. ने. तुझा हक्क आहे. फक्त त्याला देवांबरोबर रोज अंघोळ घालू नकोस. ताम्हनात घेऊ नकोस, पाण्याचा हातही लावू नकोस. सुया नाजूक असतात. दुसऱ्या कोणाला धुवायला देऊ नकोस. वर्षातून एकदा माझ्याकडे घेऊन ये, मी धुऊन देत जाईन.

प्रेमराज